सरकती पेटी

आमच्या भवानीनगरकडे वाट पाहणे हा शेतीचाच एक भाग समजतात. आडसाली ऊस लावला की तो सोळा-अठरा महिने वाढण्याची वाट पाहायची. वाढला की तोडीच्या यादीत आपला नंबर लागण्याची. नंबर लागला की टोळी येण्याची, टोळी आली की गाडीची, ऊस गेला की पहिल्या हप्त्याची नि पहिला हप्ता मिळाला की दुसऱ्याची. त्यामुळे २०१९ च्या दसऱ्याला पुण्याच्या पेटीवाल्यांनी "दोन महिन्यांत देतो" असे सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात दोनाचे चार केले नि निर्धास्त होऊन घरी आलो. एवढा हिशेब करूनही मी कच्चाच ठरलो. पेटी आली २०२२ च्या ज्येष्ठात. मोजून बत्तीस महिने! आडसाली उसाची दोन पिके त्यात निघाली असती.

पेटी म्हणजे बाजाची पेटी. ती काही आमच्या घरात नवी नव्हती. थोरल्या मामांच्या भजनी मंडळाची एक जुनी दोन लाईनी पेटी माझ्या लहानपणापासून घरात आहे. तिच्या भात्याला दोनदा ठिगळे लागली आहेत. उंदराने एकदा तिच्या पोटात संसार मांडला होता. पावसाळ्यात तिच्या दोन पट्ट्या खाली बसल्या की वर येत नाहीत. त्या बोटाने उचलून घ्याव्या लागतात. पण सूर जुने आहेत, नि ते अजून घुमतात.

मी शाळेसाठी म्हणून मामांकडे आलो नि इथलाच झालो. मामा श्री छत्रपती साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्याचा दाणा धरणे, हे त्यांचे काम. काचेच्या तुकड्यावर पॅनमधला थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा नि दाणा कसा पडतो आहे ते ओळखायचे. दिवसपाळी असो, रात्रपाळी असो, गुरुवारचे भजन त्यांनी कधी चुकवले नाही. भोंगा झाला की हातपाय धुऊन ते थेट मारुतीच्या देवळात येत. अंगाला मळीचा वास, गळ्यात तुळशीची माळ, नि आवाज असा की कालव्यापलीकडच्या वस्तीवरची माणसे म्हणत, "आज भजन उशिरा सुरू झालं का हो?"

त्यांचा हा आवाज काळी दोनचा. मंडळाचा पेटीवाला मुलाकडे राहायला गेला तेव्हा मी सातवीत होतो. मामांनी मला पेटीपुढे बसवले, पेन्सिलीने पट्ट्यांवर सा रे ग म अशी अक्षरे लिहिली नि म्हणाले, "हिथनं सुरुवात करायची. हितं आपलं घर." ते घर म्हणजे काळी दोन. पेन्सिलीची अक्षरे वर्षभरात पुसली गेली, पण माझी बोटे तिथेच वस्तीला राहिली. पुढची तीस वर्षे मी गुरुवारी नि एकादशीला, शाळेच्या प्रार्थनेला नि स्नेहसंमेलनाला वाजवत आलो. सगळे काळी दोनवर.

ज्यांनी पेटीला कधी हात लावला नाही त्यांना ह्यातली गोम कळायची नाही. पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. सात पांढऱ्या, पाच काळ्या. सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. गाणाऱ्याचे काही अडत नाही. त्याने सा खाली घेतला की बाकीचे सूर मेंढरांसारखे आपोआप मागे येतात. पेटीवाल्याचे तसे नाही. सा एक घर सरकला की काल जिथे काळी होती तिथे आज पांढरी येते, अंगठा अडतो, करंगळी आखूड पडते. बारा सा म्हणजे बारा बिऱ्हाडे, नि प्रत्येकात चूल वेगळ्या कोपऱ्यात. अंधारात उठून पाणी प्यायचे तर आपल्याच घरात पिता येते. मी तीस वर्षे एकाच घरात पाणी पीत होतो.

२०१९ च्या श्रावणातली गोष्ट. मामांना सदुसष्ट सरून अडुसष्टावे लागले होते. अंतऱ्याला वरचा पंचम घ्यायला ते गेले नि आवाज फाटला. देवळात कुणी काही बोलले नाही. पखवाजवाल्याने मुद्दाम चार थापा जोरात दिल्या. अभंग संपल्यावर मामा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मास्तर, अर्धा खाली घ्या की."

मी पांढरी दोनवर सा धरला. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला बोटे जुन्या घराकडे पळाली नि असा काही कर्कश आवाज निघाला की वीणेकऱ्याने डोळे उघडले. मामांनी लगेच हात वर करून मला थांबवले, घसा खाकरल्यासारखे केले नि जुन्याच काळी दोनवर चढून अभंग पुरा केला. घरी येताना ते ह्यावर एक अक्षर बोलले नाहीत. शाळेत मुलांना "सरावाने सर्व येते" असे मी वर्षातून शंभर वेळा सांगतो. स्वतःवर पाळी आल्यावर मात्र मी दुकानाचा पत्ता शोधू लागलो.

कारण ह्या दुखण्यावर औषध निघालेले आहे. त्याला स्केल चेंजर म्हणतात. मामा त्याला 'सरकती पेटी' म्हणतात, नि मला तेच नाव बरे वाटते. साध्या पेटीत प्रत्येक पट्टी आपल्या सुराच्या भोकावर कायमची बसवलेली असते. सरकत्या पेटीत पट्ट्यांचा सगळा सांगाडा सुरांवरून डावी-उजवीकडे सरकतो. खुंटी उचलायची, सांगाडा एक घर सरकवायचा, खुंटी बसवायची. बोटे जुन्याच जागी. सूर मात्र अर्ध्याने उतरलेला. माझ्यासारख्या एका घरच्या माणसासाठीच जणू कुणी ही युक्ती काढली. माझ्या एका कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली होती. मराठी कादंबरीच्या मानधनात पेटीचा भाता येतो, फार तर भात्याबरोबर पट्ट्या येतात. बाकीची रक्कम पगारातून घातली, निम्मे पैसे आगाऊ दिले नि पावती घेऊन आलो. मामांना म्हटले, "आता तुम्ही म्हणाल तितकं खाली घेऊ."

मामा म्हणाले, "कवा येतीया?"

"दोन महिन्यांत."

"म्हंजे पालखीपातूर आली तरी चालंल." मामांचा हिशेब माझ्यापेक्षा मुरलेला होता.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. दर पंधरा दिवसांनी मी फोन करी. पेटीवाले गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी फोन उचलायचा टाळला नाही. फक्त प्रत्येक वेळी कारण निराळे. सागवान अजून वाळायचे आहे. पट्ट्यांचे लाकूड पसंत पडले नाही, परत केले. चामड्याला पावसाची हवा लागली. नि सगळ्यांत मोठे कारण, सूर अजून पालिताण्याहून यायचे आहेत.

ह्या पालिताण्याचे मला मोठे नवल वाटले. शत्रुंजयाच्या डोंगरावरच्या जैन मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव गुजरातेत भावनगर जिल्ह्यात आहे, नि आपल्या देशातल्या पेट्यांचे सूर मोठ्या प्रमाणावर तिथे घडतात. एके काळी चांगला सूर म्हटला की तो जर्मनीचा, नाही तर पॅरिसचा. जुन्या पेटीवाल्यांच्या दुकानात अजूनही 'जर्मन सूर' हे शब्द आवाज खाली आणून, देवाचे नाव घ्यावे तसे उच्चारतात. पेटीच मुळात तिकडची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें ह्याने १८४० च्या सुमारास ती घडवली. तिकडे ती पायाने हवा भरून, खुर्चीवर बसून वाजवीत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी तिचे पाय काढले, भाता पाठीमागे लावला नि तिला जमिनीवर बसवली. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. मांडी घालून बसणाऱ्या लोकांच्या देशात ती तेव्हापासून घरची झाली.

सूर म्हणजे काय, तर पितळेच्या पट्टीवर एका टोकाला पक्की बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा तिला हलवते नि ती बोलते. दुकानात एकदा मी पाहिले, कारागीर जिभेचे टोक खरवडत होता. टोक खरवडले की जीभ हलकी होते नि सूर चढतो. बुडाशी खरवडले की ती लवचीक होते नि सूर उतरतो. दोन्हीकडे धातू कमीच होत असतो. एकदा खरवडलेले परत भरता येत नाही, म्हणून तो माणूस दोन घासांच्या मध्ये बराच वेळ नुसता ऐकत बसे. ते पाहिल्यावर पुढचे दोन महिने मला रागाने फोन करवला नाही.

मग मार्च २०२० उजाडला. पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. पेटीवाल्यांचे दुकान बंद झाले. कारागीर गावी गेला. पालिताण्याची वाट बंद. शाळेला कुलूप, देवळाला कुलूप. त्या वर्षी आषाढीला तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बारामतीहून निघालेली पालखी काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण करून आमच्या भवानीनगरावरून सणसरच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी आमच्या रस्त्यावर माणसांत रस्ता दिसत नाही. त्या वर्षी नुसता रस्ता दिसत होता. मामा सकाळी अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, कट्ट्यावर येऊन बसले. दुपारपर्यंत बसले. आत येताना म्हणाले, "पेटी आली असती तरी काय उपेग झाला असता?"

मंडळ बंद पडले तरी गुरुवार आम्ही सोडला नाही. दाराला कडी घालून आम्ही दोघेच बसायचो. मामी टाळ घ्यायच्या. जुनी पेटी, काळी दोन. माझ्या ध्यानात येऊ लागले की मामा अंतरे गाळतात. एखादा अभंग निम्मा म्हणून सोडून देतात. वरची ओळ आली की ती माझ्या पेटीवर टाकतात नि स्वतः टाळ्या वाजवतात. विचारले की म्हणायचे, "घसा बसलाय. हवा पडलीया."

वेळ मोकळा होता. पेटीविषयी मिळेल ते मी वाचून काढले नि मामांना सांगू लागलो. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. हिच्यात मींड निघत नाही, गमक निघत नाही, सप्तकाची बारा सारखी घरे पाडल्यामुळे सूर जिथल्या तिथे नाहीत, नि शिवाय ही परदेशी, असे आरोप. रवींद्रनाथांसारख्यांनाही ती नकोशी होती. मामा म्हणाले, "तरीच! कॉलनीत एकच रेडू हुता. आमचा बा गाणं ऐकायला जायचा नि दर खेपंला इचारायचा, ह्या बुवाच्या मागं पेटी कुठं हाय रं?" एकतीस वर्षे पेटी रेडिओच्या दाराबाहेर उभी राहिली. गावोगावच्या देवळांत मात्र ती वाजतच होती, त्यामुळे बंदी आहे हे आजोबांना शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही.

आरोप अगदीच खोटे नव्हते. पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. कान तयार असेल तर ते चौदा भाग खड्यासारखे टोचतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांचे सबंध आयुष्य ह्या खड्यापायी गेले म्हटले तरी चालेल. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स नावाचा एक आय.सी.एस. साहेब त्यांना सामील झाला. दोघांनी मिळून श्रुतींची पेटी घडवून घेतली नि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडली. ती तिथे काही सर्वांना पटली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक ह्यांनी पुन्हा बावीस श्रुतींची पेटी तयार केली. मला ह्या माणसांची ओढ कळते. आपल्या हातात जे नाही ते पेटीत यावे, असे वाटणारा मी एकटाच नाही. माझी मागणी मात्र त्यांच्या मानाने फारच बाळबोध होती. नि 'मानापमाना'ला (१९११) चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांपुढे ती मांडायची मला छातीच झाली नसती. असल्या वादकांची बोटे गवयाने सा लावला की तिथे हजर. त्यांना पट्ट्या सरकवण्याचे काय कारण!

कार्तिक आला, मंडळ अजून बंदच होते. मंडळाचा काकडा दर वर्षी महिनाभर चाले, तोही नाही. एका पहाटे मला लवकर जाग आली. मागच्या अंगणातून आवाज येत होता. क्षणभर मला वाटले, कुणी पाहुणा आला आहे. आवाज भरदार, खाली, सावकाश; विहिरीत कुणी बोलावे तसा. खिडकीतून पाहिले तर मामा. तुळशीपुढे घोंगडी टाकून एकटेच काकड्याचे अभंग म्हणत होते. गुरुवारी जे अंतरे ते गाळायचे तेच अंतरे ते आता पुरे म्हणत होते, नि वरचा पंचम मांजरीने कठड्यावर उडी घ्यावी तसा अलगद घेत होते.

मी आत आलो. पेटी काढली, भाता नुसता इतका हलवला की सूर उंबऱ्याबाहेर जाऊ नये, नि मामांचा सा शोधू लागलो. पांढरी दोन नव्हे. काळी एक नव्हे. पांढरी एकही नव्हे. खाली पांढरी सात, तीही नाही. काळी पाचवर सापडला. काळी दोनपासून पाच घरे खाली.

त्या दिवशी चहा पिताना मी विचारले, "मामा, तुम्ही गुरुवारी एवढं वर का गाता?"

मामा बशीत चहा ओतत राहिले. म्हणाले, "मग तू कुठं जाशील?"

सव्वा वर्ष. मी त्यांच्यासाठी पेटीची वाट पाहत होतो, नि ते दर गुरुवारी माझ्या बोटांपाशी येऊन उभे राहत होते, पाच पायऱ्या चढून, अडुसष्टाव्या वर्षी. "पेटी आली की खाली घेऊ," हे मी त्यांना किती वेळा म्हणालो असेन! ते दर वेळी "व्हय व्हय" म्हणत. मला ते आठवले की अजून जेवताना घास थांबतो.

शाळा रिकामी होती. वर्गांत बाके, बाकांवर धूळ, फळ्यावर मार्चमधली तारीख. ऑनलाइन तास संपवून मी शाळेची पेटी घेऊन पाचवीच्या वर्गात बसू लागलो. फळ्यावर बारा पट्ट्या काढल्या, काळी पाचवर सा लिहिला. काय सांगू, चाळिशीतल्या बोटांची अशी फजिती मी पाहिली नव्हती. काळी दोनवर सा, मध्यम नि पंचम तिन्ही काळ्यांवर असतात. काळी पाचवर सा नि मध्यम काळे, पण पंचम उतरून पांढरी चारवर येतो. आता काळी पाच हाच माझ्या जुन्या घरातला पंचम. त्यामुळे पंचम म्हणून सवयीने बोट टाकले की षड्ज वाजे, नि थकून घरी जावे म्हणून जुन्या षड्जावर आलो की तो निघे मध्यम. माहेरी जावे तर दारात अनोळखी बाई उभी! तीस वर्षांत कमावलेले सगळे ज्ञान पायात येत होते. काहीच येत नसते तर लवकर आले असते, असे मला वाटे, नि वर्गातल्या ज्या मुलांना मी "एवढंसं कसं येत नाही रे?" म्हणून ओरडलो होतो, ती रिकाम्या बाकांवर बसल्यासारखी वाटत.

फाल्गुनात, एका गुरुवारी, मी मामांना काही न सांगता काळी पाचवर सूर धरला. मामा टाळ जुळवत होते ते थांबले. पेटीकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले. मामी म्हणाल्या, "का वं?" मामांनी उत्तर दिले नाही. डोळे मिटले नि सुरू केले. दुसऱ्या ओळीला माझा पंचम चुकला, षड्ज वाजला. मामा डोळे न उघडता हसले नि पंचम स्वतःच एवढा लांब धरून ठेवला की माझे बोट शोधत शोधत तिथे पोचले. अंतरा आला. त्यांनी तो गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटीवाल्यांना फोन लावला. म्हटले, राहू द्या आता, आगाऊ दिलेले पैसे जमेल तसे परत करा. ते क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "सर, सूर कालच आलेत. कारागीरही परत आलाय गावाहून. आल्या आल्या तुमचंच काम त्याच्यापुढं ठेवलंय." मी मामांना विचारले.

मामा म्हणाले, "नगं मोडू. त्याला वरीसभर काम नव्हतं. नि हे बघ, पॅनमधी घाईनं आटवलं की नको तिथं बारीक दाणा पडतो, सगळी पाळी वाया जाते. जरा दम धर."

दम धरला. तो आणखी सव्वा वर्ष धरावा लागला. मधे दुसरी लाट आली, २०२१ ची आषाढीही एसटीनेच गेली, कारागीर पुन्हा गावी जाऊन पुन्हा आला. शेवटी २०२२ च्या वैशाखात फोन आला, "सर, पेटी पाठवली." मी आठ दिवस वाट पाहिली. पंधरा दिवस पाहिली. चौकशी करता कळले, की पेटी पुण्याहून निघाली खरी, पण पत्त्यातले भवानीनगर कुणीतरी भावनगर वाचले. जिथून सूर आले त्याच जिल्ह्यात पेटी माहेरपणाला जाऊन बसली होती! तिथल्या गोदामातल्या माणसाशी मी माझ्या हिंदीत बोललो, तो त्याच्या गुजरातीत बोलला. त्याने मला दोनदा विचारले, "अंदर क्या है?" मी म्हणालो, "बाजा." तो म्हणाला, "टूटा नहीं है, आवाज आ रहा है." पेटी कुणी हलवली की भात्यात हवा जाऊन ती बोलत असावी. आणखी तीन आठवडे गेले.

आली ती पालखीच्या आधी चार दिवस. गोणपाट, पुठ्ठा, भुसा. त्यातून मधाच्या रंगाचे सागवान. मामांनी आधी वास घेतला. मग खुंटी उचलून पट्ट्यांचा सांगाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा सरकवला. म्हणाले, "बैलगाडीची सापती बसावी तशी बसतीया."

दोन वर्षांनी पालखी पायी येत होती. कारखान्यापासून रस्ता माणसांनी भरला. आमच्या अंगणात रात्री दिंडीतली वीसएक माणसे टेकली होती. जेवणे झाली. नवी पेटी मधे ठेवली. शेजारीपाजारी ती बघायला म्हणून आले होते. बत्तीस महिने तिचे नाव ऐकून होते बिचारे. मामांनी खर्ज धरला. माझी बोटे गेली काळी पाचवर. वाजवायला लागलो, नि पहिला अभंग पुरा होईस्तोवर माझ्या ध्यानात आले नाही की खुंटीला मी हातच लावलेला नाही. पट्ट्या कारखान्यातून आल्या तशा, आपल्या मूळ जागी होत्या.

मामांच्या मात्र ते ध्यानात आले होते. अभंग संपला तेव्हा ते माझ्या कानाशी वाकले.

"अरं, मग एवढं पैसं कशापायी घातलं?"

मी हसू दाबण्यासाठी भाता जोरात मारला, तर ते वारकरी समजले की पुढचा अभंग सुरू झाला. त्यांनी टाळ उचलले.

खुंटीचा उपयोग पुढच्या वर्षी झाला. मामांचा आवाज आणखी एक घर उतरला, पांढरी सहावर गेला. मला तेही बिऱ्हाड पाठ करता आले असते, पण त्यांना तो सांगाडा सरकताना पाहायला आवडे. दर गुरुवारी ते स्वतः खुंटी उचलत, एक घर डावीकडे सरकवीत, नि माझ्याकडे असे बघत की जणू मोटार गिअरमध्ये घातली.

आता ते गात नाहीत. गेल्या दिवाळीपासून त्यांनी टाळ घेतले आहेत. गाते ती त्यांची नात, आठवीत आहे. आवाज पांढरी चारचा, कोवळा, जरा घाईचा. तिच्यासोबत पहिल्यांदा बसलो तेव्हा सांगाडा पार डावीकडे मामांच्या घरात होता. मी खुंटी उचलली नि उजवीकडे सरकवू लागलो. बरेच महिने तिथेच बसून राहिल्यामुळे तो अडत होता. मी जोर केला.

भिंतीला टेकून बसलेले मामा म्हणाले, "सावकाश सरकव. मोडंल."